हरिदासभाऊ बी उतरले

कल्पना करा, तुम्ही एका बोडक्या टेकडीच्या माथ्यावर एकटे उभे आहात. मार्च महिना, दुपार कलायला लागलेली, हातात वॉकीटॉकी. सकाळी तुमच्याबरोबर वर चढलेली माणसं एकेक करून उतारावर धावत गेली, त्यांचे पंख डोक्यावर उभे राहिले, पाय जमिनीवरून सुटले आणि ती टेकडीच्या खांद्याआड दिसेनाशी झाली. उतरायचं शेतही त्या खांद्याआडच आहे, मध्ये सागाचं रान. तुमचं काम एकच, कान देऊन बसायचं. खाली पोचलेल्या प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "उतरलो." जितके गेले तितके आवाज आले की तुम्ही सुटलात. एक कमी आला तर? तुम्ही आभाळात बघाल, की जमिनीवर?

त्या रविवारी समीक्षा हेच काम करत होती.

समीक्षा देवळीजवळच्या एका खेड्यातली. वडील नत्थूजी कपाशी आणि सोयाबीन करतात, आई लीलाबाई घर आणि शेत दोन्ही बघते. मुलीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि वर्ध्याजवळच्या एका लहानशा स्टेशनावर पॉइंट्समन म्हणून लागली. बाईमाणसालाही पॉइंट्समनच म्हणतात, हे तिनं आईला पुष्कळदा समजावून सांगितलं. लीलाबाई अजूनही शेजारणींना "पोरगी रेल्वेत साहेब आहे" असंच सांगते. पिपरी मेघेत तिनं एक खोली घेतली आहे. ड्युटीवर गाडी धडधडत निघून जाते तेव्हा ती हिरवी झेंडी धरून उभी असते आणि नजर शेवटच्या डब्यावर असते. त्या डब्याच्या पाठीवर पिवळी फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली. फुली दिसली नाही तर गाडीचा तुकडा मागं कुठंतरी रुळावर उभा आहे आणि पुढची गाडी त्याच्यावर येणार आहे. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तिला हेच शिकवलं गेलं.

उडायची वाट तिला दाखवली हरिदासभाऊंनी. हे देवळीचे चक्कीवाले. लहानपणी ती डोक्यावर दळणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायची. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, भुवयांत कायम पीठ. मोबाईलवर पंख लावून उडणारी माणसं बघता बघता एका वर्षी ते चक्की बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या हवाली करून पुण्याकडे गेले आणि पॅराग्लायडिंग शिकून आले. येताना एक जुना केशरी कापडी पंख घेऊन आले. देवळीत त्यांना कोणी हसायचं राहिलं नाही. समीक्षा मात्र चक्कीच्या पायरीवर बसून विचारत राहिली. वर गेल्यावर कानात कसा आवाज येतो, घारी जवळ येतात का, खालचं आपलं गाव ओळखू येतं का. शेवटी भाऊ म्हणाले, "विचारून राह्यली त्यापेक्षा चाल न एकदा. पट्टे मी बांधून देतो."

अशी ती घार मंडळात आली. मंडळ हे नाव थट्टेनं पडलेलं; गणपतीच्या मंडळासारखे यांचेही छापील टी-शर्ट आहेत. वर्धा, देवळी, सेलूकडचे दहाबारा जण. रविवारी सकाळी वर्ध्यात तर्री-पोहे खायचे, मग सेलूच्या पुढं, बोरच्या वाघांच्या जंगलाच्या अलीकडे असलेल्या टेकडीवर जायचं. पायथ्याशी जंगूबाप्पाचं शेत. त्यांची बायको रामबाई पाण्याचा माठ भरून ठेवते. दोघं घरात गोंडी बोलतात आणि पंखांना छत्र्या म्हणतात.

मंडळाचा एक नियम होता. शेवटचा माणूस "उतरलो" म्हणत नाही तोवर जेवणाचे डबे उघडायचे नाहीत. नियम जुना, पण 'प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं' हा तुकडा समीक्षानं जोडला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हळूहळू तो झिजला.

त्याचं कारण हरिदासभाऊंचाच सेट होता. दिवाळीपासून त्यांच्या वॉकीटॉकीचं बोलायचं बटण मेलं होतं. ऐकू यायचं सगळं, बोलता यायचं नाही. "नवा घेतो, घेतो" म्हणत त्यांनी हिवाळा काढला. तेव्हा जो कोणी त्यांच्या जवळ उतरायचा तो सांगायचा, "भाऊ बी उतरले." पुढंपुढं एकमेकांसाठीही तसंच सुरू झालं. मंडळातले रोशन आणि ऋतिक हे दोघं वर्ध्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका बाकावर चार वर्षं बसलेले. एकानं झोपायचं आणि दुसऱ्यानं दोघांची हजेरी लावायची, असं शिक्षण झालेलं. आता रोशन सोलर पंप बसवतो, ऋतिक घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी ॲप बनवतो. हवेतून खाली आले की सवयीनं तेच.

समीक्षानं एकदा टोकलं होतं. "ज्याचं त्यानं बोला. काऊन दुसऱ्याचं सांगता?"

"ताई, हे रेल्वे नोहे," ऋतिक हसला. "इथं कोनी डब्बा मांगं सोडून येत नाई."

"अन् सोडला तं सांभारवडीचा सोडनार नाई," रोशन म्हणाला.

सगळे हसले. सांभारवडी सदाशिवरावांच्या घरची. सेलूला त्यांचं बियाण्यांचं दुकान, मंडळात वयानं सगळ्यांत मोठे. त्यांच्या घरून येणारा पितळी डबा उघडला की कोथिंबिरीचा वास शेतभर पसरायचा. समीक्षाही हसली. हरिदासभाऊ तेवढे हसले नाहीत. आपल्या सेटचं बटण अंगठ्यानं दाबून बघत राहिले.

त्या रविवारी मंडळातले पाचच जण आले होते आणि सकाळपासूनच हवेचा काही नेम नव्हता. नांगरलेल्या काळ्या वावरांत वावटळी उठत होत्या. एक विझली की दुसरी, आणि प्रत्येक जण म्हणत होता की ही दूर आहे. आधी रोशन उडाला, मग सदाशिवराव, मग ऋतिक. माथ्यावर समीक्षा आणि हरिदासभाऊ उरले. पुढचा नंबर तिचा होता. तिनं हार्नेस चढवला आणि पायापाशी बघितलं. गवत उताराकडून वर वाकायला हवं होतं. ते उलटं वाकलेलं होतं. मग सरळ झालं. मग पुन्हा उलटं.

"भाऊ, मी नाई जात. गवत पाहा."

त्यांनी पाहिलं. थांबले. वारा परत समोरून यायला लागला, अगदी शहाण्यासारखा.

"आली परत हवा," ते म्हणाले. "तू नको जाऊ. मी जातो. तू पायवाटेनं ये."

"तुमीबी चाला न पायी."

"गुडघे नाई म्हनतेत पोरी. उतरनं बहुत लागते त्याइले."

ते धावले. केशरी पंख एकदा डावीकडे झुकला, सावरला आणि खांद्याआड गेला. त्यानंतर माथ्यावर एक मोठी झुळूक आली. ती मागून आली होती.

समीक्षा खडकावर बसली आणि सेट कानाशी धरला. आधी खरखर. मग "उतरलो," हे रोशन. मग धापा टाकत सदाशिवराव, "उतरलो बाप्पा, उतरलो." मग ऋतिक. नंतर बराच वेळ काहीच नाही. वर एक घार फिरत होती. तीही पंख न हलवता बाजूला निघून गेली. समीक्षाचा अंगठा बटणावर होता. ती विचारणारच होती तेवढ्यात आवाज आला.

"हरिदासभाऊ बी उतरले. चला."

तिनं लगेच विचारलं, "कोन बोल्लं?"

खरखर. अर्धवट हसण्यासारखं काहीतरी. पुन्हा खरखर.

"कोन बोल्लं, सांगा न."

उत्तर आलं नाही. त्या स्वस्त सेटमधून सगळेच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात. पहिले तीन तिनं क्रमानं आणि धापांवरून ओळखले होते. हा चौथा त्या तिघांपैकीच कोणाचा तरी असणार, एवढंच. तिला बरं वाटलं नाही. पण बातमी हवी तीच होती. तिनं सेट बंद केला, पंख पाठीवर बांधला आणि पायवाट धरली.

खाली पोचली तेव्हा जंगूबाप्पाच्या मोहाच्या झाडाखाली डबे उघडलेले होते. पितळी डबा मधोमध. रोशननं तिच्यासाठी दोन वड्या भाकरीवर काढून ठेवल्या होत्या.

"भाऊ कुठायत?" तिनं विचारलं.

"असतीन तिकडे रोडाकडे," सदाशिवराव म्हणाले. "चक्कीची वेळ झाली असन. गेले असतीन तिकडूनच."

हे खोटं नव्हतं. हरिदासभाऊ कधीकधी रस्त्यालगत उतरून, जेवणाला न थांबता, स्कूटर काढून देवळीला जायचे.

"पाह्यलं कोनं त्याइले?"

"रेडिओवर सांगतलं न," ऋतिक म्हणाला.

"तू सांगतलं?"

"मी नाई. मले वाटलं रोशन."

"मी तं पंख गुंडायत होतो," रोशन म्हणाला. "म्या ऐकलं. सदाशिवराव बोल्ले वाटलं."

"माहा सेट तं बॅगेत होता, पोरी," सदाशिवराव म्हणाले, आणि हातातला घास तसाच राहिला.

चौघांनी एकाच वेळी रस्त्याकडे बघितलं. बाभळीखाली हरिदासभाऊंची स्कूटर उभी होती.

पुढचं सगळं धावपळीत झालं. चौघं चार बाजूंना पांगले, हाका मारत. जंगूबाप्पा काठी घेऊन आले. त्यांनी ऊन बघितलं आणि म्हणाले, "खांद्याच्या मांगच्या नाल्यात पाहा. तिथं पानी हाय अजून. दिवस बुडायच्या अंदी काढा त्याले. पान्यावर कोन येते ते तुमाले माहीतच हाय." त्या नाल्याच्या वाळूत पंजाचे ठसे सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिले होते.

मार्चमध्ये त्या नाल्याचे दोन्ही काठ पळसांनी पेटलेले असतात. पानं नाहीत, फक्त केशरी फुलं. ते त्या काठानं गेले आणि परत आले. पुन्हा गेले. केशरी पंख शोधत होते आणि समोर अख्खा काठ केशरी होता. समीक्षा तिसऱ्यांदा त्याच झाडाखालून जात असताना वारा सुटला. सगळी फुलं हलली, पण एका झाडाचा एक मोठा तुकडा हलला नाही, नुसता फुगला. फुगून पुन्हा बसला. ते कापड होतं.

खाली दगडांत हरिदासभाऊ कुशीवर पडले होते. डोळे उघडे. कंबरेखाली पाय नको तसे वळलेले. बरगड्या गेल्या असाव्यात, कारण श्वास अगदी वरवर चालला होता. शेजारी सेट पडलेला, त्याचा हिरवा दिवा चालू. समीक्षा गुडघ्यावर बसली तशी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि ओठ हलवले. आवाज निघाला नाही.

बाजेवर घालून त्यांना शेतापर्यंत आणलं तेव्हा सूर्य टेकला होता.

वाचले ते. वर्ध्याच्या दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली, कंबरेत सळ्या बसल्या. पावसाळा त्यांनी खाटेवर काढला. आता काठीनं न्हाणीपर्यंत जातात. डॉक्टर म्हणाले की लवकर आणलं असतं तर डाव्या पायात जोर राहिला असता. हे वाक्य समीक्षानं मंडळात कोणाला सांगितलं नाही. पण सगळे तिच्याकडे ज्या नजरेनं बघत त्यावरून त्यांना ते माहीत असावं, असं तिला वाटे.

मंडळ फार चांगलं वागलं. रोशननं प्रमिलाबाईंच्या चक्कीवर सोलर बसवून दिलं. सदाशिवराव दर आठवड्याला येतात, ऋतिक येतो, रोशन येतो. तो आवाज कोणाचा, ही गोष्ट एकदाच निघाली, सदाशिवरावांच्या दुकानात, पावसाळ्याच्या तोंडी.

"आता ते उकरून काय भेटते?" सदाशिवराव म्हणाले.

"भेटत काई नाई. मले माहीत पाह्यजे."

"कोनाच्या ध्यानातबी नसन ताई," ऋतिक म्हणाला. "तोंडातून निंघालं असन. सवय."

"मंग ज्याच्या तोंडातून निंघालं त्यानं म्हना. मी रागावत नाई."

तिघंही गप्प राहिले. रोशन बियाण्याच्या पोत्यावर नखानं रेघ ओढत होता. हे तिघंही चांगले आहेत, हे समीक्षाला ठाऊक होतं. तिचे पट्टे तपासून देणारे, ती पहिल्यांदा उडाली तेव्हा टाळ्या वाजवणारे. त्यातला एक जण रोज सकाळी उठतो, चहा घेतो, आणि गप्प राहतो. तिला भीती त्या चुकीची नव्हती. चूक कोणाचीही झाली असती. भीती त्या गप्प राहण्याची होती, कारण जो आज गप्प राहू शकतो तो उद्या, तिच्या वेळी, पुन्हा न बघताच बोलू शकतो.

दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा होता. ऋतिकनं ॲप बनवलं. प्रत्येकाच्या फोनची जागा सगळ्यांना नकाशावर दिसणार. ठिपका थांबला की हिरवा होणार. "आता बोलायचं कामच नाई," तो म्हणाला, आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. समीक्षानं ॲप उघडून बघितलं. काम चोख होतं. तिनं विचारलं, "ठिपका नाल्यात थांबला तं?" ऋतिक म्हणाला, "तरी हिरवाच होईन. पन जागा दिसन न." मग तोही जरा थांबला आणि म्हणाला, "खाली एक मानूस तं राहीनच पाह्यले. नंबर लावून देऊ."

नंबर लागले. पहिल्या रविवारी समीक्षा उडणार होती. गेल्या मार्चनंतर पहिल्यांदा. तिला उडायचं होतंच. कोणी विचारलं तर ती सांगते की स्टेशनावर उभं राहून दिवसभर दुसऱ्यांना जाताना बघणाऱ्या माणसाला वर्षातून काही दुपारी स्वतः जावंसं वाटतं. पण हार्नेस खोलीत टांगलेला होता आणि तिनं अजून त्याला हात लावला नव्हता.

शुक्रवारी ड्युटी संपल्यावर ती देवळीला गेली. चक्की बंद होती, हरिदासभाऊ दाराशी बाजेवर बसले होते. प्रमिलाबाईंनी चहा आणला आणि आत गेल्या. समीक्षा शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

"भाऊ, एक विचारू? नाल्यात पडले होते तवा तुमचा सेट चालू होता."

"होता."

"ऐकू येत होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सगळं. तुमी हाका मारून राह्यले ते नुसत्या कानानं ऐकलं. दोनदा डोक्यावरून गेले तुमी. आवाजच निंघे ना माहा."

"त्याच्या अंदी?"

बाहेरून बैलगाडी गेली. ती पुरती जाईपर्यंत ते थांबले.

"त्याच्या अंदी ऐकलं, का मी उतरलो." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "दगडावर पडून ऐकलं. तू विचारलं, कोन बोल्लं, तेबी ऐकलं. दोनदा विचारलं तू. मी बटन दाबून राह्यलो होतो पोरी. मेलेलं बटन. मंग डबे उघडल्याचा आवाज आला. सेट कोनाचा तरी चालूच राह्यला होता."

मोहाखाली सगळे काय म्हणाले होते ते समीक्षाला आठवलं. म्हणजे सेट बॅगेत नव्हता. निदान एकाचा तरी.

"आवाज ओयखला तुमी?"

"ओयखला न. इतक्या वर्साचा."

"अन् सांगतलं नाई कोनाले? वहिनीलेबी?"

"त्यानं सांगावं म्हनून वाट पाहून राह्यलो. दर आठवड्याले येते तो. तू बसली तिथंच बसते."

"काई म्हनते?"

"हवेबद्दल बोलते. यंदा हवा चांगली राहीन म्हनते."

तिघंही येतात. तिघंही याच खुर्चीवर बसतात. समीक्षा नकळत खुर्चीच्या कडेला सरकली.

"नाव सांगा भाऊ."

"नाई सांगत. सांगतलं तं तू उडनं सोडशीन. म्याच आनलं तुले तिथं." त्यांनी डाव्या पायावरची चादर उगीच नीट केली. मग काही विशेष नसल्यासारखं विचारलं, "या रविवारी खाली कोन हाय, पाह्यले?"

"रोशन."

हरिदासभाऊंनी कप उचलला, त्यात चहा उरला नव्हता, तरी तोंडाला लावला.

"भाऊ, इकडे पाहा. नाव नका सांगू. इतकंच सांगा," समीक्षा म्हणाली, "परवा मी हवेत असन तवा माह्याबद्दल खाली जो बोलनार हाय, तो तोच हाय का?"